हजेरी

मांढळच्या मिरची सातऱ्यात मी वजन लिहितो.
बाया देठ तोडतात, किलोवर पैसे.
शिंकेला इथे कोणी सत्य मानत नाही,
नाहीतर दिवसभर सत्यच निघालं असतं.

पुस्तकला गभणे मात्र शिंकते आणि वैतागते.
"बापू, झोंबते तं आहे. मंग वास काहून नाई येत?
तापानंतर दोन महिने झाले.
काल भात करपला, डोयात धूर गेला तवा समजलं."

मी झूऑलॉजीत अडकलेला माणूस,
शेवटच्या वर्षाचा एक पेपर अजून निघायचा आहे,
तेवढ्यापुरतं मला उत्तर येतं.

झोंबणं वेगळं, पुस्तकलाबाई, वास वेगळा.
झोंबण्याची तार डोळ्याला, दाताला, गालाला एकच,
ती आग लागली एवढंच सांगते,
कुणाच्या घरी ते सांगत नाही.
नाव सांगणाऱ्या पेशी वर, नाकाच्या छताला,
नखाएवढ्या पिवळट चकतीवर,
शेंबडात केस सोडून उभ्या,
रोवणीच्या बांधीत बाया उभ्या असतात तशा.

बाकीचा मेंदू कवटीत, गादीवर.
ह्या तेवढ्या त्याच्या नातलग वाऱ्यावर राहतात,
धूळ खातात, ताप खातात,
म्हणून महिन्या-दोन महिन्यांत गळतात
आणि खालून नव्या येतात.
आईच्या पोटात, पाचव्या आठवड्यात,
तोंड अजून तोंड नसतं तेव्हाच
दोन खळगे पडतात,
मळलेल्या कणकेवर बोट टेकवावं तसे.
तिथून ही भरती सुरू होते.
म्हातारपणी मंदावते. पण बंद, असं नाही.

नव्या पेशीला एकच कुलूप मिळतं,
चारेकशेतलं एक.
मग ती धागा वर सोडते,
हाडाच्या चाळणीतून, अंधारात,
आणि तेच कुलूपवाल्या जुन्या जिथे टेकल्या
नेमकी तिथे जाऊन टेकते.

"तिले कोन सांगते?"

वाटेत खुणा असतात, म्हणालो.
पुढचं मला येत नव्हतं. त्याच पेपरात होतं ते.

पुस्तकलाने पलीकडे पाहिलं.
यमुना हटवारने काम सोडलं
त्याच्या तिसऱ्या दिवशी तिची सून आली होती,
कोणाला न विचारता
खांबाच्या त्याच बाजूला, त्याच पोत्यावर बसली होती.
"असं," पुस्तकला म्हणाली, आणि देठ तोडू लागली.

रोज सकाळी चार वास घे, सांगितलं मी,
येवो न येवो. लवंग, जवसाचं तेल,
लसूण, चिन्नोरच्या भाताची वाफ.
हसली. पण पदराच्या गाठीत लवंग दिसायची.

आधी आले ते सगळे चुकीचे.
सांबार चिरला की टायर जळायचा.
चहाला ओल्या कुत्र्याची अंगझाड.
डब्यातली वांग्याची भाजी तिने सातऱ्यामागे
डुकरांना टाकली, दोनदा.
"होतं तसं गेलेलंच बरं होतं, बापू."
धागे भलत्या भोकात शिरलेत, मी म्हणालो,
फिरतील, लागतील ठिकाणी.
खात्री मला नव्हती. माझं स्वतःचं काय कुठे लागलं होतं.

शिमगा चार दिवसांवर. संध्याकाळ.
तिने पाटी काट्यावर ठेवली, वाकली,
आणि वाकलेलीच राहिली.

साडेसहा, मी म्हणालो.

ती आकडा पाहत नव्हती.
नाकपुड्या फुलल्या. मिटल्या. परत फुलल्या.
"मोहाची," हळूच म्हणाली,
बाकीच्या बायांना जाऊ नये इतकं हळू.
"दुपारपासून घेतली तू."

मी वही पुढे ओढली. सहाचा आकडा
दोनदा गिरवला.

रागावेल वाटलं. तिचे दोन भाऊ
ह्याच वासात गेले, सगळ्या मांढळाला माहीत.
पण ती काट्यावरून आणखी पुढे आली,
डोळ्यांत पाणी, मिरचीचं असेल,
आणि म्हणाली,
"थांब. तोंड उघड पुन्हा एकदा."

मी उघडलं.