रबरातला ळ

हमरियात, कार्गोच्या दुकानावर एक खोली आहे.
खाली कंपालाला निघालेल्या गोण्या, गाद्या, एक फ्रीज.
वर शुक्रवारी दुपारी अकरा-बारा पोरं.
एसी गळतो.
बादली भरत आली की कुणीतरी उठून ओतून येतं.

मी नुसता कागद पोचवायला गेलो होतो.
रूवीच्या प्रेसमध्ये कटिंगला असतो मी,
कडेच्या पट्ट्या रोज पोतंभर निघतात.
मॉलच्या दारावर उभा राहणारा वाफुला एकदा म्हणाला,
फेकू नका बाबा, आम्हाला द्या.
दिल्या.
आणि जिना उतरायचा राहूनच गेला.

त्याच्याकडे शाळेचं असं काही नाही.
तुटक्या चपला, ब्लेडचे तुकडे,
आमच्याच प्रेसचा तळ खरवडलेला शाईचा डबा.
चपलेच्या रबरावर कोरायचं, शाई लावायची,
कागद ठेवून तळहाताने दाबायचं.
सुरुवात आपल्या नावाने.
घरचं नाव. मॅडमने ठेवलेलं नाही.

हे ऐकून एक पोरगी ब्लेड धरून बसूनच राहिली.
बावीसची असेल. तीन वर्षं ती मेरी होती.
तिच्या आधीची बाई मेरी होती, तिच्याही आधीची मेरीच.
त्या घराला नाव पाठ झालेलं,
बाई बदलली तरी हाक तीच.

मग कोरलं तिने, जीभ दातात धरून.
कागद उचलला तर अख्खं नाव पाठमोरं.
एन उलटा, एस उलटा, दोन्ही बी उलटे,
ए आणि ओ तेवढे शहाण्यासारखे उभे.
त्सेहाय हसली, थोकोझानी हसला.
ही हसली नाही.

मला ते वाचता येत होतं.
कराडला पंधराव्या वर्षी खिळे जुळवायला बसलो
तेव्हा मालकाने टपली मारून सांगितलेलं,
छापायचंय ना? मग उलटं वाचायला शीक.
मी मोठ्याने वाचलं: नाब्बोसा.
तिने वर पाहिलं,
दार वाजल्यावर पाहतात तसं.

खिडकीच्या काचेवर कागद पालथा धरून
मागून कसं गिरवायचं ते दाखवलं. एवढंच.
दुसऱ्या पायाच्या चपलेवर नाव सरळ आलं.
मग ती थांबेना.
पट्ट्यांवर छापलं, खबूसच्या पिशवीवर,
बादलीवर, मनगटाच्या आत, भिंतीच्या कोपऱ्यात.
रोज पंधरा-सोळा तास पुसणाऱ्या त्या पोरीने
त्या दुपारी काही म्हणजे काही पुसलं नाही.

तुझं काय, तिने विचारलं.
मी पिसाळ. कार्डावर पिसल.
बावीस वर्षं झाली,
माझा ळ विमानतळावरच राहिलाय.
कुणी विचारलं नाही, मीही मागितला नाही.
त्यांना म्हणून दाखवला.
वाफुलाचा र झाला, त्सेहायचा ल,
सगळ्या जिभा टाळूला लागून घसरत होत्या,
मला हसता हसता ठसका लागला.
नाब्बोसाने दोनदा ऐकलं,
म्हणता आला नाही तिला,
पण टाचेच्या तुकड्यावर कोरून दिला.
काचेवर धरायला गेली तर म्हणाली,
हा तर इकडूनही तोच, तिकडूनही तोच.
जवळजवळ, मी म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही.
त्याच्या पुढच्याही.
ते घर सोहारला गेलं, असं कुणी म्हणालं.
सुट्टी बंद केली, असं दुसरं कुणी.
तिचा फोन लागत नव्हता,
वाफुलाने चपला खोक्यात तशाच ठेवल्या.

प्रेसमध्ये पट्ट्यांचं पोतं बांधलं
की गाठीशेजारी मी आता ळ उमटवतो.
फोरमनने विचारलं, हे काय, वजन?
म्हटलं, हो, वजनच.

काल नवी पोरगी आली होती, इसाटू.
ब्लेड कसं धरायचं विचारत होती.
कोपऱ्यातलं नाव तिने बोट फिरवून वाचलं,
कुणाचं, म्हणाली.
एसीखालची बादली काठोकाठ आलेली.
मी उठलो.