जुनं खातं

मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या तळघरात,
घडीच्या टेबलापलीकडे
आर्डिस कोस्केला येऊन बसते.
अंगातला कोट काढत नाही.
डलूथमध्ये एप्रिलातही सरोवरावर बर्फ असतो,
शिवाय कोट काढला
की माणूस थांबणार असं ठरून जातं.

कागद सरकवते, पालथा.
मी उलटते. पाचशे अठ्ठ्याऐंशी.
"बत्तीस वर्षं शाळेची बस चालवतेय," ती म्हणते,
"एक पोर माझ्यापायी कधी थंडीत ताटकळलं नाही.
ते कुठे लिहिलंय यात?"

कुठेच नाही.
तुझा पगारसुद्धा यात नाही, मी सांगते.
आकड्याला एवढंच ठाऊक :
घेतलंस किती, फेडलंस कधी,
आणि किती वर्षांची तुमची ओळख.
पत वेगळी, ऐपत वेगळी.
टेकडीवर बंगला असलेला एक दंतवैद्य
याच खुर्चीत बसून घामाघूम झाला होता.

मग वाचू लागतो, बोट ठेवून, ओळ न् ओळ.
अँब्युलन्सचं बिल, चौदाशे दहा डॉलर,
वसुलीवाल्यांकडे गेलेलं.
रेनोला नेलं त्या रात्रीचं.
"विमा भरणार होता ते. मी पाकिटं उघडलीच नाहीत.
तेव्हा सगळ्याच पाकिटांवर त्याचं नाव असायचं."

पुढची ओळ : सोफासेट, फार्गोच्या दुकानातून, थकीत.
फार्गोत तिनं कधी पाऊल ठेवलेलं नाही.
कुणी दुसरीच ए. कोस्केला.
म्हणजे तीन वर्षं
भलत्याच बाईच्या सोफ्यावर हिची पत बसून होती!
ती हसते. मग चिडते.
चिडली ते बरं झालं. हरकतीचं पत्र तिथेच लिहून काढते,
शाई कागदापार उमटेल इतकं दाबून.

दोन हजारांची मर्यादा, त्यात एकोणीसशे वापरलेले.
दर महिन्याला वेळेवर भरतेस, मान्य.
पण काठोकाठ भरलेला पेला घेऊन चालणाऱ्याच्या हातात
कुणी दुसरा पेला देत नाही, आर्डिस.
आधी हा सहाशेच्या खाली आण. सावकाश.
आणि गाडीच्या कर्जासाठी चार दारं ठोठावू नकोस एवढ्यात,
प्रत्येक दाराशी तुझी टकटक नोंदली जाते.

"आणि हे," ती म्हणते.
कोटाच्या खिशातून कार्ड काढते. मग कात्री.
एकोणीसशे सत्याऐंशीचं, पतपेढीचं,
दोघांच्या नावानं उघडलेलं. बाकी शून्य.
"हे तुझ्यासमोर कापायचं होतं.
घरी जमलं नाही."

कापू नकोस.
मी हे गेली अकरा वर्षं लोकांना सांगत आलेय, सवयीनं,
आज मात्र शब्द जरा अडखळतात.
सगळ्यात जुनं खातं आहे हे तुझं.
बंद केलंस तर काही वर्षांनी कागदावरून पुसलं जाईल,
तुमची ओळखच नव्हती असं.
नुसतं ठेवून दिलंस, तर एक दिवस तेच बंद करतील.
अधूनमधून काहीतरी घे यावर. लहानसं.
आणि लगेच फेड.

"काय घेऊ?"

मला काय सुचणार?
वर कुणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत नेतं,
तिचं एक चाक कुरकुरतं.
"त्या खारट काळ्या गोळ्या," ती शेवटी म्हणते,
"फक्त त्यालाच आवडायच्या."

ऑक्टोबरात सहाशे एकोणचाळीस.
फार्गोचा सोफा गेला. अँब्युलन्सचे हप्ते चालू आहेत.
मध्ये एकदा आकडा नऊनं घसरला, का ते मलाही कळलं नाही,
तसं तिला सांगून टाकलं.

काल खनिजाचं जहाज आत येत होतं,
पूल वर उचललेला, तिची बस रांगेत पहिली.
पोरं कंटाळून बाकं बडवत होती.
तिनं कप्प्यातलं पाकीट फोडलं, मागे फिरवलं.
दोन डॉलर एकोणनव्वद सेंट, फेडलेले.
बहुतेकांनी थू थू केलं.
तिसऱ्या रांगेतल्या एकानं
आणखी मागितली.