खाडा

शमीमभाभी खिडकीच्या गजावर किल्ली वाजवायची.
दोनदा. तिसऱ्यांदा नाही.
तिसऱ्यांदा वाजली की आमचे हे उठतात
आणि ह्यांना लगेच चहा लागतो.

त्याआधी मी चारदा सुरू केलं होतं.
एकदा पाडव्याला, एकदा एक जानेवारीला,
एकदा डॉक्टर बिडव्यांनी रिपोर्टावरच्या आकड्याला
लाल पेनानं गोल काढला तेव्हा,
आणि एकदा नुसतंच, रागाच्या भरात.
जानेवारीचं सगळ्यांत कमी टिकलं,
तीळ भाजायला घेतले आणि संपलं.
बूट माळ्यावर गेले. उंदरीनं त्यात पिल्लं घातली.
पिल्लं मोठी होऊन गेली तरी
मी काही बूट खाली काढले नाहीत.

मग ही समोर राहायला आली.
मला म्हणाली, अपने कू कौन मेडल देता, चलो.

साडीवर बूट.
चौबाऱ्यापाशी टपरीवाला शटर वर करता करता थांबायचा :
काकू, कुठं निघालाव? बस चुकली का?
पहिले आठ दिवस मी त्याला खरंच उत्तर द्यायचे.
दवाखान्यात. बहिणीकडं. पेपर आणायला.
नवव्या दिवशी भाभी बोलली, फिरायला.
तेवढंच. तो शटर वर करत राहिला.

बंद पडलेल्या दूध डेअरीपर्यंत जायचं
आणि फाटकाला हात लावायचा.
हात लावला नाही तर फेरी धरायची नाही,
हा नियम भाभीचा.
एकदा फाटकासमोर कुत्री व्यालेली, गुरगुरत होती.
आम्ही लांबूनच छत्रीचं टोक लावलं.
छत्री चालते का, यावर परत येईपर्यंत वाद.

घरी आले की कॅलेंडरवर लिहायचं.
यलमटे दूध घालतो त्या चौकटीत आधीच असतं : अर्धा.
त्याच्याखाली एक बारीक बरोबरची खूण.
ज्या दिवशी तो येत नाही, त्या दिवशी ‘खा’. खाडा.
महिनाअखेर खाडे वजा करून पैसे.

आणि एका पावसाळ्यात, ताप उतरल्यावर,
पाच चौकटी रिकाम्या बघत मी उभी होते.
पूर्वी एक रिकामी राहिली की
मी अख्खा महिना सोडून द्यायचे.
तेवढ्यात यलमट्यानं कडी वाजवली.
दोन दिवस आला नव्हता, म्हैस आटली होती म्हणे.
ना लाज, ना नवा संकल्प.
किटली पुढं केली : अर्धाच ना, ताई?

मी त्या पाच चौकटींत
माझ्या नावचे पाच ‘खा’ लिहिले
आणि दुसऱ्या दिवशी बूट घातले.

भाभी लेकीच्या बाळंतपणाला बीदरला गेली,
चाळीस दिवस म्हणून.
जावयाची बदली, लेकीची नोकरी, चाळिसाचं वर्ष झालं.
पहिल्या दिवशी गज वाजला नाही. झोपले.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी पाच दहाला उशीखाली फोन
एकदा थरथरला आणि बंद झाला.
मिस कॉल. मी उलटा एक दिला.
ती तिकडं गच्चीवर तीस फेऱ्या मारते, नात खांद्यावर.
गच्चीच्या पाण्याच्या टाकीला हात लावते.

साखर? आहे. जराशी उतरलीय.
गुडघा अजून बोलतो,
पण जिना उतरताना कठडा धरायचं राहून जातं,
हे मला खाली आल्यावर कळतं.
फाटकावर तळहाताएवढ्या जागेतला
गंज निघून गेलाय. तिथं लोखंड दिसतं.

आज मिस कॉल आला नाही.
मी माझा दिला. वाट पाहिली थोडी. निघाले.
कुत्रीची पिल्लं आता दुडक्या चालीनं
डेअरीपर्यंत माझ्यामागं येतात.

परत येताना, बोअरपाशी, फोन वाजला.
कट झाला नाही. पूर्ण वाजत राहिला. उचलला.
आँख लग गई थी, ती म्हणाली. अब निकली मैं.
मी म्हटलं, अगं सात वाजले, ऊन झालं असेल,
लिही आजचा खाडा.

ती बोलली नाही.
पलीकडं नात कुरकुरत होती
आणि जिना चढणाऱ्या चपलांचा
एकेक पायरी मोजत जाणारा आवाज.