ओल

रविवारी संध्याकाळची उपासना सुटली
की क्वार्टर गेटावरून थर्मास घेऊन
मी स्टेशनकडे चालत निघते.
पुलाखालच्या तिसऱ्या खांबाशी लिंबाजी असतो.
साखर जास्त झाली की तोंड वाकडं करतो,
तरी पितो.

ओळख झाली ती त्याच्या पायामुळे.
ससूनमधून रिटायर होऊन मला महिना झालेला,
रिकामे हात घेऊन हिंडत होते,
जखम दिसली, बसले.
रंगाच्या डब्यात कोमट पाणी, वर डेटॉल.
त्यात तो नेमका पाय धुण्याचा गुरुवार.
पट्टीची गाठ मारेपर्यंत
महिला मंडळात द्यायच्या साक्षीचं पहिलं वाक्य
मनात तयारसुद्धा झालं होतं.
त्याला ऐकू गेलं की काय कोण जाणे.
म्हणाला, "सिस्टर,
माझा पाय तुमच्या चर्चमध्ये सांगू नका."

नाही सांगितला.
लिहिणं म्हणजे सांगणं होतं का,
हे त्याला अजून विचारलेलं नाही.

पेंटर होता तो. बाणेरला परांचीवरून पडला,
मुकादमानं रिक्षाचे पैसे दिले तेवढेच.
पण अर्ध्या पुण्याच्या झोपायच्या खोल्या
त्याला रंगासकट पाठ आहेत:
औंधात एका डॉक्टरीणबाईंची फिकट पिस्ता,
कल्याणीनगरात अकराव्या मजल्यावर
जन्मायच्या बाळासाठी पिवळी,
आणि पुन्हा तीच, दोन महिन्यांनी, पांढरी.
"का ते विचारलं नाही मी," म्हणाला.
"दोन हात जास्तीचे मारले, फुकट."

चार वर्षं.
चार वर्षं मी त्याच्याकडे जात होते,
पुठ्ठा झटकून तो मला बसायला देत होता,
"पाय वर घ्या, गटार भरलंय" म्हणत होता,
यजमानासारखा.
आणि माझं घर पंधरा मिनिटांवर,
दोन खोल्या, एक माणूस, तीन खुर्च्या.
जेवणावर आभार मानताना
मी रोज म्हणायची, प्रभू, तू ये, पाहुणा हो.
पत्ता दिला होता तो फक्त त्यालाच.

मागच्या नोव्हेंबरात लिंबाजीनं सहज विचारलं,
"नाताळाला रंग नाही काढत घराला?"
म्हटलं, ओल आहे, टिकत नाही.
"कुठल्या भिंतीला?"
मी सांगत बसले, पश्चिमेची, खिडकीखाली, एवढी, अशी.
तो ऐकत राहिला.
बघायला येतो, असं एकदाही म्हणाला नाही.
त्याच्या त्या न म्हणण्यानं
मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

मंगळवारी आला. अंघोळ करून, भांग पाडून,
सुलभवाल्यानं दहा रुपये घेतले म्हणाला.
जिन्यात सॅलोमीमावशींनी दार किलकिलं केलं.
मी मोठ्यांदा म्हटलं, "माझे मित्र आहेत."
आवाज जरा जास्तच मोठा झाला.

चहा ओतताना माझा हात
आपोआप स्टीलच्या पेल्याकडे गेला.
सोनेरी काठाचे कप वरच्या फळीवर होते.
हात मध्येच थांबला.
तेवढं थांबणं देवानं पाहिलं असणार,
लिंबाजीनं तर पाहिलंच,
आणि लगेच पाठ करून भिंतीकडे वळला.

भिंतीवर त्यानं तळहात ठेवला.
बत्तीस वर्षं मी कपाळांवर ठेवला, तसाच,
आधी सपाट, मग बोटांची मागची बाजू.
"वरच्यांच्या मोरीतनं येतंय हे.
वरनं रंग मारून भागायचं नाही, सिस्टर."
खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला,
ओलीच्या कडेकडेनं रेघ ओढली,
खाली तारीख घातली.
"ह्याच्या बाहेर गेली तर सांगा."

सोनेरी कपातला चहा दोन घोटांत संपवला.
जेवायला थांब म्हटलं, तर घड्याळाकडे बघत उठला:
"नऊनंतर माझी जागा जाते."
मी दारात उभी राहिले.
राहा, हा शब्द ओठांवर आला होता,
पण आला तेव्हा तो दुसऱ्या वळणावर पोचला होता.
खालून ओरडला, "रविवारी साखर कमी!"

नाताळ होऊन गेला. रंग काढला नाही.
सकाळी प्रार्थनेला डोळे मिटायच्या आधी
मी ती रेघ बघते.
ओल बाहेर आलीय,
दोन बोटं.