वारा किती आहे

टॅलिनमध्ये जूनचा उजेड रात्रभर विझला नव्हता,
मीही नव्हते विझले.
सणाच्या फेरीबोटींची तिकिटं नऊला खुली झाली
आणि नऊ वाजून चार मिनिटांनी
पान उघडायला अकरा सेकंद लागू लागले.

उर्मास माझ्या खुर्चीमागे उभा,
हातातला राईचा पाव चावायचं विसरून.
"यंत्रं वाढव."
चाराची आठ केली. भाडं दुप्पट.
अकराचे तेरा झाले.

आणि प्रोसेसर थंड. बारा टक्के.
बंदरावरच्या खिडकीत कारकून बसलाय,
शिक्का शाईत बुडवून तयार,
रांग पार गोदामाला वळसा घालून गेलीय,
आणि हा गप्प.
आळशी नाही तो. त्याच्या कानाला फोन आहे
आणि पलीकडून कोणी लवकर बोलत नाही.
आठ खिडक्या उघडा,
आठ कारकून, आठ फोन,
पलीकडे तोच एकटा, आता जास्तच धापा टाकणारा.

कोणाला लावलाय फोन?
नोंदी उसवत गेले, टाक्यामागून टाका.
सापडली ओळ.
तीन हिवाळ्यांपूर्वीची, शेजारी नाव: मारिका ताम्सालू.
म्हणजे मीच.
वर ऐटीत लिहिलेलं,
'प्रवाशाला वारा कळलेला बरा.'

काका बोटीवर दोर बांधायचे.
दारात आलेल्याला आधी विचारायचे, वारा किती आहे?
मगच कोट काढू द्यायचे.
मी तेच यंत्राला शिकवलं होतं:
प्रत्येक विनंतीने आधी हवामानाच्या सर्व्हरला विचारावं
आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.
किती थांबावं, ते लिहिलं नव्हतं.
काकांना उत्तर नेहमी मिळायचं.

दोनशे मिलिसेकंद, मी लिहिलं.
तेवढ्यात बोलला तर बोलला.
नाहीतर 'माहीत नाही' म्हणा आणि पुढे चला.

बारा. एकतीस. अठ्ठावन्न.
"चढतोय!" उर्मास ओरडला.
चढू दे, म्हटलं, आता कुठे कामाला लागलाय.
पान अर्ध्या सेकंदात उघडलं.
त्याने सरासरी वाचून टाळी वाजवली.
मी सरासरी बघत नाही,
सरासरीत कोणी राहत नाही.
शंभरातला तो शेवटचा एक कुठे अडकलाय
ते बघत बसले, दुपार होईपर्यंत.

दुपारी मदतकक्षातून फोन माझ्याकडे वळवला.
हीउमा बेटावरून हेल्वे प्रूल, ऐंशीच्या पुढच्या.
तिकीट मिळालं, तक्रार काही नाही.
फक्त तुमच्या पानावर लिहिलंय, वारा माहीत नाही.
"मला दिसतोय इथून.
कुंपणाजवळचं जुनिपर पुरतं वाकलंय,
पश्चिमेचा आहे, सात मीटर तरी असेल.
लिहून घेतेस का?"

घेतलं.
पावाच्या पिशवीवर, पेन्सिलीने.