अंगठा

दाखला आला तेव्हा आईचं नाव चुकलेलं होतं.
ती माझ्या आईची आई,
पण अख्खी गल्ली तिला आईच म्हणायची, मग मीही.
कानडी अक्षरं बोटानं लावत लावत वाचलं:
होसक्का सातू मगदूम, निपाणी.
हौसाक्का नव्हे. होसक्का.
खिडकीतला पोरगा म्हणाला, दुरुस्तीला अर्ज द्या,
साहेब चिक्कोडीला गेलेत.

मी तिथंच बाकावर बसलो.

रात्री मांडीवर सूप घेऊन बसायची,
कात्री, भिजवलेली पानं, दोऱ्याचं रीळ
आणि अंगठ्याला पत्र्याचं नख.
हजार विड्या वळल्याशिवाय पाठ टेकायची नाही.
मी निजलेलो, तिच्या खोकल्याच्या अंतरावर.
पंचविसाचा कट्टा बांधताना ओठ हलायचे,
मला वाटायचं, मोजते आहे.
नंतर कळलं, दर विडीमागं एकदा यल्लम्मा म्हणायची.
"धूर कुणाच्या तरी छातीत जाणार,
देवीला आधी सांगून ठेवल्यालं बरं."

कारखान्यात चेकर मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा,
पैसे नाहीत, आणि विड्याही त्याच्याच खिशात.
एका शनिवारी तिनं त्या परत ओढून घेतल्या,
त्याच्यासमोर चुरल्या,
चुरा त्याच्याच टेबलावर ठेवला.
"छाट हाय न्हवं? मग तूबी ओढू नगंस."
तीन आठवडे तिला पान मिळालं नाही.
तीन आठवडे आम्ही कण्या खाल्ल्या
आणि ती शेजारच्या काशव्वाच्या नावावर विड्या वळत राहिली.

आज्जा गेला तेव्हा बायका बांगड्या फोडायला आल्या.
तिनं हात पुढं केला, मुकाट.
रांडाव पुनवेला सौंदत्तीच्या डोंगरावर
देवीचाही चुडा उतरतो, हे तिला ठाऊक होतं.
पण आहेव पुनव आली
तशी कासाराच्या दारात जाऊन बसली.
"देवीला परत भरतात. मी काय तिच्यापरास मोठी पतिव्रता लागून गेलो?"
कासार थबकला. मग डझनभर हिरव्या.
भावकी दोन वर्षं उंबरा चढली नाही.
ती म्हणाली, चहापत्ती वाचली.

मी जातो, मी करतो, असंच बोलायची,
तिकडच्या सगळ्या बायकांसारखी.
पुण्यात माझी बायको हसली एकदा,
तेव्हा म्हणाली, "कामं बाप्याची केली,
बोलायला काय हुतंय?"

बँकेत अंगठा मागितला, दिला नाही.
साठीत पाटी घेतली.
मामाची पोर कानडी शाळेत, तिच्याकडून कानडी सही,
माझ्याकडून मराठी.
"दोन्ही येऊ देत. खुर्चीत कोण बसंल सांगता येत न्हाई."

पुढं मशीन आलं.
काचेवर अंगठा ठेवला: लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला: लाल दिवा.
मशीनवाला म्हणाला, आज्जी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत.
नखाखाली, पानाखाली, कुठं कुठं झिजून गेलेल्या.
ती अंगठा उन्हात धरून बघत राहिली
आणि चक्क खूश झाली.
"बघ की गा, आता कुणी मागितला तरी
द्यायला न्हाईच."

साहेब साडेतीनला आले.
अर्ज लिहिताना आठवलं,
होस म्हणजे कानडीत नवं.
नवी अक्का.
क्षणभर वाटलं, राहू दे असंच.
मग दिसली ती, पदर खोचून त्या खिडकीशी,
ह्या साहेबाच्या टेबलावर काय चुरता येईल
ते शोधत.

दोन्ही लिप्यांत लिहिलं मी.
हौ जरा दाबूनच.