एक काना

मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं
पत्र्याच्या मापानं कापलेली.
हजार विड्या म्हणजे हजार वेळा दोरा.
हा शब्द मला पद्मजानं लिहायला शिकवला.
घरात आमच्या तेलुगू, तिच्या शाळेत मराठी;
आठ वर्षांची मास्तरीण, मी चुकले की स्वतःचं कपाळ बडवायची.
"अम्मा, शेवटचा काना विसरलीस. हे दोर झालं.
दोर विहिरीला. दोरा विडीला."

तिचं काय झालं ते निकालात आहे,
एकशे बारा पानं. मी उघडलेली नाहीत.
करणारा नरसव्वाचा मल्लेशम,
विडी घरकुलात आमच्यापासून चौथं दार.
त्याच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात.

पहिल्या वर्षी मी हिशेब करायचे,
विडीचे किती दोरे पिळले तर एक माणूस पेलेल.
रात्री उठून रिळं मोजायचे.
कुणी म्हणालं असतं, चल, खटका तू ओढ,
तर चप्पल न घालता गेले असते.
ते खोटं नव्हतं. आजही खोटं नाही.

चार पुतळ्यांपाशी गर्दी जमली, मेणबत्त्या,
फलकांवर फाशी, फाशी, फाशी.
एक माझ्या हातात दिला कुणी.
तो कठड्याला टेकवताना आठवलं,
जानेवारीत ती इथे शाळेच्या रांगेत आलेली,
घरी येऊन विचारत होती,
"ह्या चौघांनी काय केलं होतं?"
काही नाही गं, म्हणाले मी, सरकार चुकलं.
"मग सरकारला कुणी सांगितलं कसं नाही?"
मेण हातावर सांडलं.
मल्लेशम त्यांच्यासारखा नाही. त्यानं केलंय.
तरी फलकावरचा शब्द तोच होता.

निकालाला कोर्टात टाळ्या पडल्या.
माझेही हात वाजले.
भिंतीशी नरसव्वा, पदर तोंडात कोंबलेला.
पोलीस आमच्या दारात आले त्या रात्री
मी अस्साच कोंबला होता.

सात वर्षं झाली.
कारखान्यात तिच्या शेजारी कुणी बसत नाही.
मी बसते. उजेड तिथेच येतो.
बोलत नाही.
तिची नजर अधू झालीय, गाठ सुटते,
चेकर मूठभर उचलून म्हणतो, "छाट",
पैसे देत नाही,
आणि विड्याही परत देत नाही.

काल वकीलसाहेब कागद घेऊन आले.
दयेच्या अर्जास माझी हरकत आहे / नाही.
नको तो शब्द खोडा.
म्हणाले, घाई नाही, राजमणीबाई.

माफी हा शब्द त्या कागदावर नव्हता, बरं झालं.
त्यानं तिथेच म्हातारं व्हावं,
रोज उठावं आणि रोज आठवावं, हे मला हवंय,
आणि ह्यात दया नाही, मला माहीत आहे.
पण पहाटे एक डॉक्टर, एक घड्याळ बघणारा,
आणि कुणाचा तरी पगारी हात
माझ्या पद्मजाचं नाव पुढे करून खटका ओढणार,
मग घरी जाऊन चहा पिणार?
ते नाव मी ह्यासाठी ठेवलं नव्हतं.
दोऱ्याचा काना माझ्या हातानं काढायचा नाही मला.

"आहे" खोडलं.
खाली सही केली, तिनं शिकवली तशी,
काने सगळे नीट उभे.

लोक तोंडात शेण घालतील, नवरा म्हणाला,
आणि कितीतरी वेळ नळापाशी उभा राहिला.
काल पाण्याची पाळी नव्हती.

आज हजारात एकवीस छाट निघाल्या.
माझ्याच.